कारणाचा रकाना

दाखल्याच्या कागदावर एक रकाना असतो :
शाळा सोडण्याचे कारण.
कारकुनाने पेन थांबवलं, चष्म्यावरून पाहिलं,
म्हणाला, शुं लखुं, बेन? बदली?
मी म्हटलं, लिहा.
बदलीच तर.
दांडिया बाजारातल्या शाळेतून
दांडिया बाजारातल्याच स्वयंपाकघरात.

खरं कारण त्या चौकोनात मावलं नसतं.
दर रविवारी रात्री साडेनऊला अनघचं पोट दुखायचं,
इतकं वेळेवर की श्रीरंग त्यावर घड्याळ लावून घ्यायचा.
बाई वाईट नव्हत्या. वर्गात बावन्न मुलं होती,
आणि ह्याला विचारायचं असायचं
की शून्याला शून्याने भागलं तर शून्याला दुखतं का.
दिवाळीनंतर तो काहीच विचारेनासा झाला.
प्रगतिपुस्तकात शेरा आला : सुधारणा आहे.

पहिल्या सोमवारी
मीच खुळ्यासारखं आठच्या ठोक्याला स्टीलचं ताट वाजवलं.
आलेखाच्या कागदावर वेळापत्रक,
गणित, भाषा, परिसर, मधली सुट्टी, सगळं स्केचपेनने.
तो आला तो गणवेश घालून,
भांग पाडून, बुटांच्या नाड्या बांधून,
ओट्याशेजारी पाटावर ताठ बसला.
दहा मिनिटांनी बोट वर केलं.
पाणी पिऊ का?
माठ त्याच्या कोपराला लागत होता.

बुधवारी वेळापत्रक वरणाच्या पातेल्याखाली गेलं.
गुरुवारी भागाकारावरून आम्ही रडलो,
आळीपाळीनं.
कुकरच्या शिट्ट्या कुणीच मोजल्या नाहीत.

खंडेराव मार्केटात कोकिळाबेन रोज विचारते,
आजे रजा छे?
पहिल्या आठवड्यात मी हो म्हटलं. दुसऱ्यात ताप सांगितला.
तिसऱ्यात मी कोथिंबीर निवडत राहिले.
तेव्हा अनघच म्हणाला, ना, चालू छे,
आणि साठ रुपये किलोची गवार, पावकिलो,
बोटं न मोडता पंधरा सांगितले.
तिनं त्याला एक लिंबू दिलं.
घरी येईपर्यंत त्यानं ते खिशात नाही, मुठीत धरलं.

विश्वामित्रीच्या पुलावर दीड तास उभे होतो.
मगर चिखलात पडलेली, चिखलाच्याच रंगाची.
त्यानं वहीत लिहिलं :
दहा दहा. हलली नाही.
दहा वीस. हलली नाही.
दहा पंचावन्न. एक डोळा मिटला, बहुतेक.
त्या ‘बहुतेक’ला किती मार्क द्यायचे
मला अजून कळलेलं नाही.

नणंद फोनवर : मग दहावीचं काय?
मी मुक्त शाळेच्या परीक्षेचं पाठ केलेलं घडाघडा म्हणते,
शेवटचं वाक्य विसरते.
रात्री भिंतीला टेकून हिशेब मांडते :
मी बी. कॉम., तेही पास क्लास,
भूगोल कच्चा, चित्रकलेत हत्तीला मांजर म्हणतात.
एक अख्खा मुलगा, आणि हाताशी एवढीच सामग्री.
मकरपुऱ्याहून दुसरी पाळी संपवून श्रीरंग येतो,
ग्रीसचे हात राखेनं घासत म्हणतो,
गिअर मी शिकवीन. रविवारी.
त्या रविवारी, साडेनऊ वाजून गेल्यावर,
आम्ही दोघंही त्याच्या पोटाकडे बघत होतो.
तो दोन झाकणांना दाते कापत बसला होता.

गणवेश अजून खुंटीला आहे.
आधी इस्त्री करून ठेवायचे,
न जाणो.
आता त्यावर पंचा वाळत असतो.

काल मी शुद्धलेखन सांगत होते,
‘नदीच्या काठी एक’ एवढंच झालं होतं,
तो उठला,
माठातून पेला बुडवून घटाघटा प्यायला,
मनगटानं तोंड पुसत परत येऊन बसला.
विचारलं नाही.
पेन्सिल उचलून म्हणाला, हं, पुढे?

पुस्तकात माझं बोट होतं,
ओळ हरवली होती.